बिरड्याचा सण

आमच्या मुरबाड-शहापूरकडे भात कापून झाले की शेतातल्या उरल्या ओलीवर वाल पेरतात. या वालाच्या बिरड्याने एका यहुदी उपवासाला नाव दिले आहे, हे हाईम सॅम्युएल केहिमकरांचा बेने इस्रायलांविषयीचा इंग्रजी इतिहास वाचेपर्यंत माझ्या ध्यानीमनीही नव्हते. १८९७ साली लिहून झालेला हा ग्रंथ १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा तो शोकदिन; पण कोकणात तेलाचे घाणे चालवणारे हे ‘शनवार तेली’ त्याला म्हणत ‘बिरड्याचा सण’!

आपल्या समाजाची यहुदी परंपरा पटवून देण्यावर ग्रंथकाराचा भर आहे. मी मात्र रेंगाळलो तो त्यांच्या चुलीपाशी. मांस आणि दूध एकत्र करू नये, असा धर्मनियम; म्हणून मटणाच्या कालवणात नारळाचे दूध. एलियाहू हन्नाबीच्या नावाचा मलिदा तर पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचाच.

एवढ्यावरून यहुदी धर्माला शाकाहारी ठरवणे भाबडेपणाचे होईल. वल्हांडणाचे कोकरू विसरून चालणार नाही. परंतु ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात देव माणसाला अन्न म्हणून देतो ते धान्य-फळांचे. मांसाची मुभा येते जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात, तीही रक्त वर्ज्य करून. रब्बी कूक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या मुभेला माणसाच्या दुबळेपणासाठी दिलेली तात्पुरती सवलत मानले आणि पुढे कधीतरी करुणेने ती सुटेल, अशी आशा धरली. या विचाराच्या मुळाशी दया आहे. आपल्याकडे शाकाहार बहुधा सोवळ्याच्या दोरीवर वाळत असतो. अर्थात बेने इस्रायलांतही गोरे-काळे असा पंक्तिभेद होताच. त्यांनाही इथलाच वारा लागला असावा.

हे लिहिताना मला एक मधली सुटी आठवते. सकाळी मी वर्गात सात्त्विक आहारावर रसाळ प्रवचन झोडले होते. दुपारी एका कातकरी मुलाने डबा न उघडताच पिशवीत परत ठेवला. त्यात खेकड्याचे कालवण होते, हे मागाहून कळले. पोर दिवसभर उपाशी राहिले. जीवदयेच्या नावाने मीच ते पाप केले होते.

केहिमकरांचा ग्रंथ जिज्ञासूंनी जरूर वाचावा. यंदा वाल निघाले की मी बिरडे आवडीने खाईन. पण वर्गात आहारावर बोलण्याआधी सगळ्यांचे डबे उघडले आहेत ना, हे पाहून घेईन.