खंड मोठा, दालन एकच

वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ आफ्रिकन आर्टने काही वर्षांपूर्वी स्वतःच्याच संग्रहाची झडती घेतली. ज्या कलावंतांची नावे ठाऊक आहेत, त्यांत स्त्रिया किती? उत्तर निघाले 11 टक्के. मग खरेदीचा रोख बदलला, प्रमाण 22 टक्क्यांवर आले आणि 2019 मध्ये ‘आय ॲम...’ या नावाने 27 आफ्रिकी स्त्री-कलावंतांचे प्रदर्शन तिथे भरले. या हिशेबाला घातलेली अट मोठी बोलकी आहे. मडकी, रंगवलेले कापड, चितारलेल्या भिंती असे स्त्रियांच्या हातचे पुष्कळसे काम संग्रहालयांच्या नोंदवह्यांत एखाद्या जमातीच्या नावावर लागले. करणारीचे नाव कुणी विचारलेच नाही. त्यामुळे मोजायला बसल्यावर ती सापडणार नव्हतीच. आफ्रिकी चित्रकर्तींची जी समूह प्रदर्शने गेल्या दहा-बारा वर्षांत भरली, ती या जुन्या चुकीची दुरुस्ती आहेत. मात्र ती करता करता या प्रदर्शनांनी स्वतःला एक नवी सवय लावून घेतली आहे: सगळ्यांना एकाच पाटीखाली टांगण्याची.

आफ्रिकेच्या अनेक भागांत रंगकाम हे मुळात बायकांचे काम. दक्षिण आफ्रिकेतल्या एन्देबेले स्त्रिया घराच्या भिंतींवर काळ्या रेघांनी बांधलेले भडक भौमितिक आकार रंगवतात. बुर्किना फासोतल्या तिएबेले इथे कासेना स्त्रियांनी रंगवलेला राजवाडा 2024 मध्ये जागतिक वारसा यादीत आला. नायजेरियातल्या इग्बो स्त्रियांची ‘उली’ ही अंगावर आणि भिंतींवर काढायची बारीक, लवचीक रेघ. पण कॅनव्हास आणि कला महाविद्यालय आले तसे हे वाटप बदलले. स्वातंत्र्यानंतर उलीची रेघ आधुनिक चित्रात आणण्याचे श्रेय चित्रकार उचे ओकेके यांच्याकडे जाते आणि ते योग्यच आहे. त्यांनी ती आपल्या आईकडून उचलली हे त्यांनीच सांगितले आहे. तरी इतिहासाच्या पुस्तकात प्रकरण मुलाच्या नावाचे आहे.

मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. वारली लग्नाचा चौक सवासिणी लिहीत; कागदावर आणि मग जगभर तो नेला जिव्या सोमा म्हसे यांनी. 1989 मध्ये पॅरिसच्या ‘माजिसियँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात म्हसे होते आणि एन्देबेले चित्रकर्ती एस्थर महलांगूही होत्या. दोन्ही परंपरा बायकांच्या, दोन्ही भिंतीवरच्या. वारलीच्या वतीने पुरुष गेला, एन्देबेलेच्या वतीने मात्र आईकडून आणि आजीकडून रंगवायला शिकलेली बाई स्वतः गेली. 1991 मध्ये महलांगूंनी बीएमडब्ल्यूची गाडी रंगवली तेव्हा ती नक्षी भिंतीवरून धातूच्या पत्र्यावर गेली, पण हात तोच राहिला.

समूह प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांत ‘उदयोन्मुख’ हे विशेषण फार सैलपणे वापरले जाते. ते वाचून वाटावे की या बायका काल-परवा चित्रे काढू लागल्या. नायजेरियात क्लारा उग्बोडागा-न्गू पन्नासच्या दशकातच झारियाच्या कला महाविद्यालयात शिकवत होत्या. 1961 मध्ये केप टाउनला ग्लॅडिस म्गुडलँडलू या शाळाशिक्षिकेचे एकल प्रदर्शन भरले. वर्णभेदाच्या त्या काळात पक्षी आणि डोंगर रंगवणे ही पळवाट आहे, अशी टीका लेखिका बेसी हेड यांनी तिच्यावर केली. म्हणजे गंभीर वाद घालण्याजोगी चित्रे तेव्हाही होती आणि वाद घालणारीही बाईच होती. इजिप्तच्या इंजी एफलातून यांनी राजकीय कैदी म्हणून चार वर्षे तुरुंगात काढली आणि तिथेही रंग सोडले नाहीत. नायजेरियाच्या कोलेट ओमोगबाई यांनी तर 1965 मध्ये ‘नायजेरिया’ मासिकात गोड आणि सहज कळणाऱ्या चित्रांच्या आवडीवर उपरोधाची झोड उठवली. चित्र सुखद असावे, बाईचे तर असावेच, या अपेक्षेला इतके रोखठोक उत्तर त्या काळी फार कमी जणांनी दिले असेल.

खार्तूमच्या कमला इब्राहिम इशाक यांचे उदाहरण याहून मोठे. साठच्या दशकात त्यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले आणि सुदानी स्त्रियांच्या ‘झार’ या अंगात येण्याच्या विधीचा अभ्यास केला. त्यांच्या चित्रांत चेहरे ताणलेले, वितळलेले. स्त्रिया काचेच्या घनात कोंडल्यासारख्या, कधी झाडाच्या मुळांत मिसळलेल्या. 1976 मध्ये त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह ‘क्रिस्टलिस्ट’ जाहीरनामा काढला आणि सुदानी कलेवर वर्चस्व असलेल्या पुरुषप्रधान खार्तूम पंथाला आव्हान दिले. लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीत त्यांचे मोठे प्रदर्शन भरायला 2022 उजाडले.

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या प्रदर्शनांकडे पाहावे. त्यांतल्या सर्वांत विचारी कामामागे कोयो कुओह होत्या. डुआलात जन्मलेल्या, डाकारमध्ये ‘रॉ मटेरियल कंपनी’ उभारणाऱ्या आणि पुढे केप टाउनच्या झाइट्झ मोका या कला संग्रहालयाच्या संचालक झालेल्या कुओह यांनी 2015 मध्ये ब्रसेल्सला ‘बॉडी टॉक’ हे फक्त सहा आफ्रिकी स्त्री-कलावंतांचे प्रदर्शन मांडले. विषय एकच, शरीर. सहाच जणी असल्यामुळे प्रत्येकीशी भांडायला, सहमत व्हायला प्रेक्षकाला जागा मिळाली. त्यांचेच 2022 चे ‘व्हेन वी सी अस’ याच्या उलट टोकाचे: शंभर वर्षांतली कृष्णवर्णीय मानवाकृती, दीडशेहून अधिक चित्रकार-चित्रकर्ती, आणि रोजचे जगणे, उत्सव, विसावा, प्रणय, अध्यात्म, विजय असे सहा विभाग. दुःखाचे प्रदर्शन मांडायचे नाही, हा निर्णय धाडसाचा होता. पण अशा मांडणीत चित्रे ‘काय दाखवले आहे’ यावरून शेजारी येतात. ‘कसे रंगवले आहे’ हा प्रश्न मागे पडतो. व्हेनिस बिनालेची धुरा मिळालेली पहिली आफ्रिकी स्त्री ठरलेल्या कुओह यांचे मे 2025 मध्ये निधन झाले. त्यांच्यानंतर या क्षेत्रात मोठी नक्कल होईल, ती ‘व्हेन वी सी अस’ची; गरज मात्र ‘बॉडी टॉक’ची आहे.

कारण खरे वेगळेपण रंगलेपनात आहे. एनुगूत वाढलेल्या न्जिडेका अकुनयिली क्रॉस्बी नायजेरियन मासिकांतली आणि घरच्या अल्बममधली छायाचित्रे द्रावणाच्या साहाय्याने कागदावर उतरवतात आणि त्यावर रंग चढवतात. लांबून एक शांत दिवाणखाना दिसतो. जवळ गेल्यावर भिंत, फरशी, पोलके सगळे शेकडो फिकट चेहऱ्यांनी भरलेले आढळते. हरारेतच राहून काम करणाऱ्या पोर्शिया झ्वावाहेरा स्वप्नांपासून सुरुवात करतात. छपाईची शाई, तेलखडू, मेणाने झाकून राखलेली जागा, लेससारखे ठसे यांचे थर इतके दाट होतात, की आकृती कापडातून बाहेर येते आहे की आत शिरते आहे हे सांगता येत नाही. लिनेट यिआडम-बोआके यांची माणसे तर मुळात अस्तित्वातच नाहीत. ती कल्पनेतून येतात, गडद तपकिरी-हिरव्या अंधारात उभी राहतात आणि काळ ओळखता येऊ नये म्हणून बहुधा अनवाणी असतात. या तिघींना ‘ओळख आणि स्मृती’ या एकाच पाटीखाली टांगले, तर पाटी खोटी ठरत नाही, पण निरुपयोगी ठरते.

पाटीचा आग्रह धरण्यात बाजाराचा हात आहे. 2017 मध्ये अकुनयिली क्रॉस्बींचे एक चित्र लंडनच्या लिलावात तीस लाख डॉलरच्या आसपास गेले. मग कृष्णवर्णीय व्यक्तिचित्रांची लाट आली, नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांची चित्रे थोड्याच काळात पुन्हा विक्रीला निघू लागली, आणि लाट ओसरल्यावर त्याच तरुण नावांच्या किमती कोसळल्या. अमूर्त काम करणाऱ्यांना या लाटेत जागा नव्हती. अदिस अबाबात जन्मलेल्या जूली मेहरेटू यांचे एक चित्र 2023 मध्ये एक कोटी डॉलरपलीकडे गेले, तरी आफ्रिकी स्त्रीने चेहरा रंगवावा ही अपेक्षा काही हलली नाही.

दुसरा पेच भूगोलाचा. मेहरेटू अमेरिकेत, अकुनयिली क्रॉस्बी लॉस एंजेलिसला, यिआडम-बोआके जन्मापासून लंडनच्या, केप टाउनच्या मार्लीन ड्यूमास 1976 पासून नेदरलँड्समध्ये. या सगळ्या आफ्रिकी आहेत यात वाद नाही; 2019 च्या व्हेनिस बिनालेत घानाच्या पहिल्या दालनात यिआडम-बोआके होत्याच. पण भिंतीवर वारंवार लागणारी नावे जर मुख्यतः पाश्चात्त्य गॅलऱ्यांच्या पत्त्यावर राहणारी असतील, तर खंडाच्या नावाने भरलेले प्रदर्शन त्या खंडाविषयी फार थोडे सांगते. हरारे, लागोस, खार्तूमच्या कार्यशाळा, तिथले शिक्षक, तिथले वाद यांना कॅटलॉगच्या प्रस्तावनेत एखादा परिच्छेद मिळतो.

समूह प्रदर्शनाचे काम दार उघडण्याचे होते आणि ते त्याने चोख केले. आता त्याच दारात गर्दी करून उभे राहण्यात अर्थ नाही. संग्रहालयांनी वीस जणींचे एकेक चित्र टांगण्याऐवजी एकीची वीस चित्रे लावावीत: ओमोगबाई, म्गुडलँडलू, झ्वावाहेरा. त्यांतली फसलेली चित्रेही लावावीत. समीक्षकाला एखादे चित्र कमकुवत आहे असे संकोच न करता लिहिता आले, तरच त्या चित्रकर्तीला चित्रकार म्हणून वागवले असे म्हणता येईल. बेसी हेड यांनी साठच्या दशकात हे केले होते.