सेमेलवाइस यांची कोष्टके
इग्नाझ सेमेलवाइस म्हटले की हात धुण्याची गोष्ट येते. आमच्या मते त्यांच्या १८६१ सालच्या ग्रंथाचे खरे बळ कोष्टकांत आहे. व्हिएन्नाच्या पहिल्या प्रसूतिविभागात एप्रिल १८४७ मध्ये शंभरात सुमारे १८ माता दगावल्या. मेमध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सुरू झाले, जूनमध्ये २. शेजारी सुइणींचा विभाग तुलनेला नसता, तर हे मृत्यू नेहमीचेच वाटले असते. ग्रंथ मात्र चौदा वर्षे उशिरा आला, आणि बरीच पाने विरोधकांशी भांडण्यात गेली! एप्रिल २०२० मध्ये मुंबईच्या वोक्हार्ट रुग्णालयात २६ परिचारिका बाधित आढळल्या. विभाग व तारखेवाचून हा आकडाही मुकाच. केळझरच्या शिक्षकांनी हजेरीपटावरून तापाच्या रजांचे इयत्तावार कोष्टक करून पाहावे.