लिव्हीचा टोमणा, आमची वहिवाट



अकोल्याच्या अभ्यासवर्गात एका पोट्ट्यानं मला तोंडावर विचारलं, “दादा, रोमच्या त्या बुढ्याचा इतिहास आपल्याले कायले पाह्यजे?” प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो.

बुढा म्हणजे लिव्ही. जन्म इ.स.पूर्व 59, मृत्यू इ.स. 17. सम्राट ऑगस्टसच्या ओळखीतला माणूस. रोमचा इतिहास त्यानं 142 पुस्तकांत लिहिला. त्यातली 35 उरली. युरोपच्या पिढ्यान्‌पिढ्या ती वाचत आल्या. मॅकियाव्हेलीनं पहिल्या दहांवर ग्रंथ लिहिला आणि सांगितलं की, वरच्या-खालच्यांच्या भांडणातूनच रोमला स्वातंत्र्य लाभलं.

लिव्ही आपल्या बाजूचा नव्हे. इ.स.पूर्व 494 मध्ये कर्जानं पिचलेले प्लेबियन शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले. त्यांना समजवायला गेलेला मेनेनियस अग्रिपा गोष्ट सांगतो: हातातोंडानं पोटाविरुद्ध संप केला आणि सारं शरीरच वाळलं. आपल्याकडं पुरुषसूक्तानंही असंच शरीर दाखवलं. त्यात शूद्राला पाय तरी मिळाले. अस्पृश्याला तेही नाही. पण लिव्ही पुढचं लपवत नाही. प्लेबियन नुसती गोष्ट ऐकून परतले नाहीत, स्वतःचे ट्रिब्यून मिळवून परतले.

खरी ठिणगी चौथ्या पुस्तकात आहे. इ.स.पूर्व 445. पॅट्रिशियन-प्लेबियन लग्नाला कायद्यानं बंदी. रक्त बाटेल, शकुन बिघडतील, ही वरच्यांची ओरड. ट्रिब्यून कॅन्युलियस उठतो आणि टोमणा मारतो की, मग शेजार, रस्ता, पंगत यांवरही बंदी का घालत नाही? हे भाषण लिव्हीनंच रचलेलं. तेव्हाच्या इतिहासकारांची ती रीतच. म्हणजे त्याच्या लेखी ही मूर्खपणाची हद्द होती.

ते पान वाचून मी थांबलो. रोममध्ये जो टोमणा, ती आमची वहिवाट. वस्ती गावाबाहेर, पाणवठा वेगळा, पंगत वेगळी. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात शिरायला 1927 साली सत्याग्रह पुकारावा लागला. त्या नोव्हेंबरात इंद्रभुवन थिएटरातल्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते.

कॅन्युलियसचा कायदा पास झाला. आपल्याकडं आंतरजातीय लग्नाला कायद्याची आडकाठी नाही, तरी पोरापोरींचे मुडदे पडतात. असं का? 1936 च्या ‘जातिभेद निर्मूलना’त बाबासाहेबांनी रोमचाच दाखला दिला: प्लेबियनांना आपला कॉन्सल मिळाला, पण डेल्फीच्या देवाचा कौल मिळेल तोच, आणि कौल लावणारे पुजारी पॅट्रिशियन. कायदा हाती आला तरी धर्माची किल्ली वरच्यांच्याच कनवटीला. म्हणून तर 1956 ची दीक्षा.

लिव्हीची स्पार्टाकसच्या बंडावरची पुस्तकं हरवली, नुसते त्रोटक सारांश उरले. प्लेबियनाला भाषण मिळालं, तेही चारशे वर्षांनी, दुसऱ्याच्या लेखणीतून. आपलं भाषण आपणच लिहिलं नाही तर आपलीही गत तीच.

त्या पोट्ट्याला मी चौथं पुस्तक इंग्रजीतून वाचायला दिलंय. पुढच्या वर्गाला मराठीत टिपण काढून आणायचं, अशी अट घातलीय. अमरावतीच्या पोरांनीही मागून घ्यावं.

जयभीम.