उसवलेला वारसा

पोलंडमध्ये लोककलेचे हाल झाले ते अति लाडांमुळे. वोविच भागातली कागदाची रंगीत कातरकामे मेंढ्यांची लोकर कातरायच्या बोजड कात्रीने होत. त्या जाड पात्यांतून कोंबड्याचा नाजूक तुरा निघे, यातच खरे कसब होते. १९४९ साली सुरू झालेल्या ‘त्सेपेलिया’ या लोककला-हस्तकला संघटनेने कारागिरांना काम दिले, बाजार दिला, पण शहरी दिवाणखान्याला रुचेल असा गोडवाही त्यांच्या हाताला लावला. आज तो कोंबडा कपांवर आणि फ्रिजला चिकटवायच्या चुंबकांवर छापून निघतो. अशा परंपरेचे गंभीर कलावंताने करायचे तरी काय?

माग्दालेना अबाकानोविच यांनी साठच्या दशकात एक उत्तर दिले. जुने दोरखंड उकलून त्यांनी तंतू रंगवले, विणले आणि ती अजस्र विणकामे भिंतीपासून सोडवून अधांतरी टांगली. १९६५ साली साओ पाउलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. विणकाम त्यांनी घेतले, गोडवा झिडकारला. पण त्या उत्तरात गाव उरले नाही, गावातली माणसेही नाहीत.

माणसे परत आली ती माऊगोझाता मिर्गा-तास यांच्या कामात. जन्म १९७८, झाकोपाने. वास्तव्य चार्ना गुरा या गावी. त्या युरोपातल्या अल्पसंख्य रोमा समाजाच्या आहेत आणि पोलिश वारशाच्या सोहळ्यात या समाजाला सहसा कोणी धरत नाही. व्हेनिस बिएनाले हे कलाप्रदर्शन १८९५ पासून भरते. पण राष्ट्रीय दालन एखाद्या रोमा कलावंताच्या हाती यायला २०२२ उजाडावे लागले. पोलंडच्या त्या दालनात मिर्गा-तास यांनी बारा भव्य कापडी चित्रे लावली. मांडणी फेरारातल्या स्किफानोइया राजवाड्याच्या भित्तिचित्रांवरून घेतलेली, तीन पट्ट्यांची. खाली चार्ना गुरातले रोजचे जगणे, मध्ये राशीचिन्हे आणि रोमा स्त्रिया, वर रोमांचा प्रवास. हा वरचा पट्टा मला सर्वांत धीट वाटतो. सतराव्या शतकात जाक कालो या फ्रेंच मुद्राचित्रकाराने रोमांना परक्या, संशयी नजरेने कोरले होते. तीच माणसे इथे रंगीबेरंगी कापडात ताठ मानेने चालतात. कापड म्हणजे जवळच्या लोकांचे स्कर्ट, शर्ट, पडदे, चादरी. मराठी वाचकाला गोधडी आठवणारच. मात्र इथे तुकडा कोणाच्या अंगावरचा, हाही चित्राच्या अर्थाचाच भाग आहे.

तक्रारही आहे. ही चित्रे डोळ्यांना फार लवकर आवडतात. एकेकटा पट संग्रहालयाच्या पांढऱ्या भिंतीवर गेला की प्रसन्न रंगच पुढे येतात आणि कालोशी मांडलेले भांडण मागे पडते. मागे पडते ते आणखीही काही. मिर्गा-तास मूळच्या शिल्पकार, क्राकुफच्या कला अकादमीत शिकलेल्या. बोझेंचिन येथे नाझी काळात मारल्या गेलेल्या रोमांसाठी त्यांनी २०११ साली लाकडी स्मारक केले. २०१६ साली कोणीतरी ते तोडले. त्यांच्याविषयी लिहिताना समीक्षक रंगांपाशीच रेंगाळतात. त्या लाकडाबद्दल फार कमी लिहिले जाते.