दाखवून दिलेले मत

राज्यसभेच्या निवडणुकीत सुधारणा म्हटले की २००३ सालच्या कायद्याचा दाखला देतात. त्या दुरुस्तीने दोन गोष्टी गेल्या: उमेदवार त्या राज्याचा मतदार असण्याची अट आणि गुप्त मतदान. आमदाराने मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची, मग पेटीत टाकायची. घोडेबाजार थांबावा, हा हेतू. कुलदीप नय्यर यांच्या याचिकेवर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बदल वैध ठरवले. वैधतेचा प्रश्न मिटला. शहाणपणाचा मिटला असे मला वाटत नाही.

जून २०२२ ची महाराष्ट्रातली निवडणूक पाहा. जागा सहा, उमेदवार सात. पहिल्या पसंतीची मते संजय पवारांना ३३, धनंजय महाडिकांना २७. निवडून आले महाडिक. यात गैर काही नाही. पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते होती. कोट्यावरची त्यांची शिल्लक दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली. संक्रमणीय मताचे गणित असेच चालते. पण ही पद्धत गृहीत धरते की पसंतीक्रम मतदाराचा स्वतःचा आहे. इथे तो पक्षाच्या बैठकीत ठरतो आणि आमदार तो उतरवून काढतो. सुहास कांदे यांचे मत तर मतपत्रिका दाखवण्याच्या रीतीवरूनच बाद झाले.

बाजार तरी बंद झाला का? अपक्षाने मतपत्रिका कोणालाही दाखवायची नाही, असा नियम आहे. म्हणजे ज्यांच्या मतांवर सहावी जागा अडली होती, त्यांच्यातले अपक्ष झाकलेलेच राहिले. पुढे दहाच दिवसांनी विधान परिषदेसाठी गुप्त मतदान झाले. काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले आणि शिवसेनेतले बंड उघड झाले. उघड मतदानाचे समर्थक हाच पुरावा पुढे करतात. मी तो उलटा वाचतो: दहा दिवसांपूर्वी दाखवलेल्या मतपत्रिकांवरची निष्ठा दाखवण्यापुरतीच होती.

रहिवासाचे म्हणाल तर अट असतानाही ती बरीचशी कागदावर होती. मनमोहन सिंग १९९१ पासून आसामचे खासदार होते ते तिथल्या मतदारयादीच्या आधाराने. तरी कागदाला थोडी लाज असते. अट गेल्यावर तीही उरली नाही. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातले इम्रान प्रतापगढी महाराष्ट्रातून गेले. त्यांच्या योग्यतेशी माझे भांडण नाही. राज्यांच्या सभेत महाराष्ट्राची बाजू कोण मांडणार, एवढेच विचारायचे आहे.

माझ्या मते दुरुस्ती चुकीच्या टोकाला झाली. मतदाराला उघडे पाडले, उमेदवारी मात्र दिल्लीतल्या बंद खोलीतच राहिली. रहिवासाची अट परत आणावी, काही वर्षांच्या सलग वास्तव्यासह. आणि पक्षाचा उमेदवार कोण, हे त्या राज्यातल्या त्याच पक्षाच्या आमदारांनी आपसांत गुप्त मतदानाने ठरवावे. त्यानंतर विधानभवनात मतपत्रिका दाखवायला माझी हरकत राहणार नाही.