भाषा आणि खिडकी : पायथॉनच्या पदरी असलेल्या टी-के-इंटरचा विचार

संगणकभाषेने आपल्या उपासकाच्या हाती व्याकरणाबरोबर आणखी काय काय द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. वस्तुतः तो जबाबदारीचा प्रश्न आहे. एखादे साधन भाषेच्या प्रमाण संग्रहात आले, की ते अनेकांतील एक राहत नाही. नवशिक्याच्या दृष्टीने तेच पहिले आणि पुष्कळदा एकमेव साधन होते. पायथॉन भाषेबरोबर मिळणाऱ्या टी-के-इंटर ह्या खिडक्या व बटणे रेखाटणाऱ्या साधनसंचाचे मूल्यमापन ह्याच दृष्टीने व्हावयास हवे. त्याच्या रूपाला नावे ठेवण्याचा प्रघात जुना आहे. परंतु रूप हा ह्या विषयाचा गाभा नव्हे.

टी-के ही मूळची पायथॉनची निर्मिती नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत जॉन औस्टरहाउट ह्यांनी १९८८ च्या सुमारास टिकल ही लहानशी भाषा रचली आणि तिच्याच जोडीला टी-के हा साधनसंच घडविला. ह्या जोडकार्याला १९९७ साली ए. सी. एम. ह्या संस्थेचा सॉफ्टवेअर प्रणालींसाठीचा पुरस्कार लाभला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथॉनने लवकरच ह्या संचाशी सोयरीक जुळविली. स्टीन लुमहोल्ट आणि पायथॉनचे कर्ते गिडो व्हान रॉसम ह्यांनी तो दुवा सांधला. पायथॉनमध्ये लिहिलेली आज्ञा आतल्या आत टिकलच्या आज्ञेत रूपांतरित होते, टिकलचा दुभाषी ती वाचतो आणि मग पडद्यावर बटण उमटते. त्यामुळे काही चूक झाली म्हणजे विद्यार्थ्यासमोर जो संदेश येतो, तो बहुधा टिकलच्या बोलीतला असतो. न शिकलेल्या भाषेत त्याला आपला अपराध समजावून घ्यावा लागतो. उसनवारीची ही पहिली किंमत होय.

तथापि लाभाची बाजूही तितकीच वजनदार आहे. ज्या प्रयोगशाळेत इंटरनेट नाही, अथवा संगणकावर नवीन काही बसविण्याची मुभा विद्यार्थ्यास नाही, तेथे जे भाषेबरोबर आले तेवढेच त्याचे भांडवल. पायथॉनचा स्वतःचा आयडल हा संपादक टी-के-इंटरवरच उभा आहे. मुलांना भूमिती शिकविणारे कासव ह्याच साधनाच्या फलकावर रेषा ओढते. क्यू-टी हा संच अधिक समर्थ खरा. परंतु त्याचा पसारा मोठा आहे आणि त्याच्या परवान्यात मुक्त व व्यापारी अशा दोन वाटा असल्याने भाषेसोबत तो वाटणे अवघड. टी-केचा परवाना मोकळा, देह आटोपशीर. सोयरीक टिकली ती ह्या दोन गुणांमुळे.

अन्य भाषांचा अनुभव ह्या संदर्भात बोलका आहे. जावाने १९९६ साली आपल्या पहिल्या आवृत्तीबरोबर ए-डब्ल्यू-टी हा संच दिला. सर्व यंत्रणांवर एकच आज्ञावली चालावी ह्या आग्रहापायी त्यात जे सर्वत्र समान तेवढेच घेतले गेले, आणि तो तोकडा ठरला. १९९८ मध्ये स्विंग आला; पुढे जावा-एफ-एक्स आला आणि २०१८ मध्ये अकराव्या आवृत्तीतून वेगळाही झाला. पहिले दोन मात्र काढता आले नाहीत, कारण त्यांवर उभ्या असलेल्या आज्ञावली मोडल्या असत्या. रूबीने दुसरा मार्ग पत्करला : २०१६ च्या २.४ ह्या आवृत्तीत टी-केचा दुवा प्रमाण संग्रहातून बाहेर काढला. खुद्द पायथॉननेही २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत १९ जुनाट घटकांना निरोप दिला. टी-के-इंटर त्यांत नव्हता. ह्यावरून दिसते ते असे की, संग्रहात प्रवेश देणे सोपे, बाहेरची वाट दाखविणे कठीण. म्हणून प्रवेशाची कसोटी कडक हवी.

ती कसोटी कोणती? काही टीकाकार नाविन्याची कसोटी लावतात. ती टिकणारी नाही. बटणांची फॅशन दर दशकाला पालटते आणि प्रमाण संग्रहाने फॅशनच्या मागे धावू नये. खरी कसोटी ही की, ‘प्रमाण’ म्हणून दिलेली वस्तू ज्याच्या हाती जाईल त्या प्रत्येकाला ती सारख्याच निष्ठेने सेवा देते काय? टी-के-इंटरचे उणेपण येथे प्रकट होते.

ते दुहेरी आहे. एक तर ‘भाषेबरोबर मिळते’ हे आश्वासन सर्वत्र पाळले जात नाही. डेबियन व उबुंटू ह्या यंत्रणांवर टी-के-इंटर हे वेगळे पुडके आहे. पाठ्यपुस्तकातील पहिलीच ओळ तेथे ‘घटक सापडत नाही’ म्हणून अडू शकते. दुसरे उणेपण अधिक गंभीर आहे. विंडोज व मॅक ह्यांवर टी-के अक्षरजुळणीचे काम यंत्रणेकडे सोपविते, म्हणून देवनागरी नीट उमटते. लिनक्सवर मात्र टी-केच्या ८.६ ह्या दीर्घकाळ प्रचलित राहिलेल्या आवृत्तीत अक्षरे एकेक करून मांडली जातात. जोडाक्षरांची घडण होत नाही. ‘विद्यार्थी’ हा शब्द लिहावा, तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूस जाते, ‘द्य’ उकलून हलन्त द आणि य वेगळे पडतात आणि रफार जागा सोडतो. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला ह्या दोषाची वार्ताही नसते. मराठी, हिंदी वा बंगाली विद्यार्थ्याला मात्र आपलेच नाव पडद्यावर मोडलेले दिसते, आणि दोष साधनाचा असूनही तो आपल्या लिपीलाच अवघड समजू लागतो. ऐच्छिक साधनातील असा दोष क्षम्य मानता येईल. प्रमाण म्हणून हाती दिलेल्या साधनातील तो दोष अन्याय ठरतो, कारण तेथे विद्यार्थ्याने निवड केलेलीच नसते.

मग टी-के-इंटर काढून टाकावा काय? तसा निष्कर्ष घाईचा होईल. तो गेला तर ज्याच्याजवळ दुसरे काहीच नाही त्याचीच खिडकी प्रथम बंद होईल. साधनसंपन्नाचे काही बिघडणार नाही. परंतु तो ठेवावयाचा तर ‘हा भाग आमचा नव्हे, टी-केचा’ असे म्हणून पायथॉनच्या पालकांना हात झटकता येणार नाहीत. जे प्रमाण म्हणून वाटले, त्याच्या मर्यादा पहिल्याच पानावर सांगणे आणि सर्व लिप्यांना समान वागणूक मिळेल असा पाठपुरावा मूळ संचाकडे करणे, ही देणाऱ्याची दोन कर्तव्ये होत. खिडकी साधी असली तरी चालेल. तिच्यातून प्रत्येकाला आपले नाव धड वाचता आले पाहिजे.