स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया : छेदाचा आकार की हाताचा सराव? – एक चिकित्सा

प्रस्तावना :
मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले आणि भारतीय शल्यचिकित्सेत नवे पर्व सुरू झाले. पुढे या पद्धतीच्या यशातून 'छेद लहान म्हणजे शस्त्रक्रिया चांगली' हे समीकरण समाजमनात रूढ झाले. स्वादुपिंडाचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेला हे समीकरण कितपत लागू पडते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

१. एक नाव, दोन शस्त्रक्रिया :
'स्वादुपिंडाचा भाग काढणे' या शब्दप्रयोगात दोन भिन्न शस्त्रक्रिया दडलेल्या आहेत. शेपटाकडील भाग काढताना, बहुधा प्लीहेसह, तो भाग विलग करून उरलेले टोक बंद केले जाते. काही जोडावे लागत नाही. डोक्याकडील भाग काढताना मात्र लहान आतड्याचा आरंभीचा भाग, पित्ताशय व पित्तनलिकेचा अंशही काढावा लागतो. नंतर स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर किंवा आतडे असे तीन जोड द्यावे लागतात. यांपैकी स्वादुपिंडाचा जोड गळला तर पाचकरस पोटात पसरतो आणि रुग्णाच्या जिवावर बेतते. सबब दोहोंना एकच निष्कर्ष लावणे ही पद्धतिशास्त्रीय चूक ठरते.

२. चाचण्यांचे साक्ष्य :
शेपटाकडील शस्त्रक्रियेबाबत नेदरलँड्समधील १०८ रुग्णांच्या चाचणीत (२०१९) दुर्बिणीच्या गटातील रुग्ण ४ दिवसांत, तर खुल्या गटातील ६ दिवसांत सावरले. कर्करोगाच्या २५८ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत (२०२३) गाठ समूळ निघण्याच्या बाबतीत दुर्बीण उणी पडली नाही. मात्र सावरण्याचा कालावधी दोन्ही गटांत सारखाच राहिला.

डोक्याकडील शस्त्रक्रियेचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. कोइम्बतूर येथील डॉ. सी. पलानिवेलू व सहकाऱ्यांच्या ६४ रुग्णांच्या चाचणीत (२०१७) रुग्णालयीन वास्तव्य खुल्या पद्धतीत १३ दिवस, तर दुर्बिणीद्वारे ७ दिवस होते. प्रत्येक गटात एक मृत्यू झाला. याउलट नेदरलँड्समधील दुसरी चाचणी (२०१९) ९९ रुग्णांनंतर थांबवावी लागली. दुर्बिणीच्या गटात ५० पैकी ५, तर खुल्या गटात ४९ पैकी १ रुग्ण गुंतागुंतीमुळे दगावला. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही, तथापि तो दुर्लक्षिण्याजोगाही नव्हता. चीनमधील ६५६ रुग्णांच्या चाचणीत (२०२१) मृत्युदर समान राहिला आणि वास्तव्यात अवघ्या एका दिवसाचा फरक दिसला.

३. मतभेदाचे मर्म :
या विसंगतीचा एक महत्त्वाचा उलगडा शल्यविशारदांच्या अनुभवात सापडतो. चिनी चाचणीत सहभागासाठी अशा किमान १०४ दुर्बीण-शस्त्रक्रियांचा अनुभव आवश्यक होता. डच चाचणीत किमान २० चा. कोइम्बतूरची चाचणी एकाच निष्णात केंद्रातील होती. म्हणजे साधन एकच, हात निराळे. त्या केंद्राचा निष्कर्ष खरा असला तरी तो अन्यत्र जसाच्या तसा नेता येत नाही.

दुसरा आक्षेप निकषाविषयी आहे. कोइम्बतूरच्या चाचणीचा मुख्य निकष रुग्णालयीन वास्तव्य हा होता. रोजमजुरी बुडवून सोबत राहणाऱ्या नातलगांच्या दृष्टीने वास्तव्याचे दिवस मोलाचे आहेत, हे निर्विवाद. परंतु या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव आठवडा-दोन आठवड्यांनीही उद्भवू शकतो. रुग्ण तोवर पालमसारख्या तालुक्याच्या गावी परतलेला असेल आणि शस्त्रक्रियेचे केंद्र मुंबईत असेल, तर वाचलेले सहा दिवस महागात पडू शकतात. लवकर घरी जाण्याचा लाभ परतीची वाट किती जवळ आहे, यावर अवलंबून असतो. चाचण्यांच्या कोष्टकांत हे अंतर मोजलेले नसते.

समारोप :
सारांश, शेपटाकडील शस्त्रक्रियेत अनुभवी केंद्रात दुर्बिणीचा पर्याय सार्थ आहे. डोक्याकडील शस्त्रक्रियेत मात्र खुली पद्धत ही मागासलेपणाची खूण मानण्यास आधार नाही. आपल्या भागातील रुग्ण नांदेडला, छत्रपती संभाजीनगरला वा मुंबईला जातो, तेव्हा सल्ला विचारायला अनेकदा गावातील प्राध्यापक-शिक्षकांकडे येतो. अशा वेळी 'छेद केवढा?' याआधी 'येथे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, त्यांतील किती रुग्ण दगावतात आणि घरी गेल्यावर त्रास झाल्यास कोठे यायचे?' हे प्रश्न विचारायला आपण त्याला शिकवले पाहिजे.